जॅकेट कुणी काढलं?

आजचा भाग ऐकायचा असला तरी विषय बघायचा आहे. त्यामुळे हा मजकूर वाचणाऱ्यांना आज थोडा जास्त फायदा. घरात एखादं जुनं मराठी पुस्तक असेल, आजोबांच्या काळातलं, तर ते शेजारी घेऊन बसा. नसेल तरी चालेल.

शीर्षकातल्या प्रश्नाचे दोन अर्थ होतात. जॅकेट कुणी काढलं, म्हणजे ते चित्र कुणी रेखाटलं? आणि जॅकेट कुणी काढलं, म्हणजे पुस्तकावरून उतरवून कुणी फेकलं? मला दोन्ही विचारायचेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: आपण सगळ्यांनी. पहिल्याचं उत्तर शोधताना मी जव्हार-मोखाड्यात जिथे पोहोचलो, ते शेवटाकडे सांगतो.

आधी जॅकेट म्हणजे काय ते बघू. पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक असतं, त्याच्यावर एक सुटा छापील कागद गुंडाळलेला असतो आणि त्याच्या दोन्ही कडा आत दुमडलेल्या असतात. ते जॅकेट, किंवा वेष्टन. आपण जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हर घालायचो ना, मूळ कल्पना तेवढीच. धूळ बसू नये, हाताचे डाग पडू नयेत. आमच्याकडे जव्हारच्या पठारावर पाऊस असा पडतो की आईनं खाकी कागदावर पुन्हा प्लास्टिक चढवलेलं असायचं, आणि तरी गणपतीपर्यंत पुस्तकाच्या कडेला बुरशी धरायचीच. इंग्लंडमधलं सगळ्यात जुनं माहीत असलेलं जॅकेट १८२९ च्या सुमाराचं आहे. एका भेटपुस्तकाभोवती ते पार्सलसारखं गुंडाळलं होतं, वर लाखेनं बंद केलेलं. पुस्तक हातात आलं की कागद फाडायचा आणि टाकायचा. त्यामुळे त्या काळातली जॅकेटं जवळपास उरलीच नाहीत.

मग विसाव्या शतकात प्रकाशकांच्या लक्षात आलं की फेकायच्या कागदावर चित्र छापलं तर पुस्तक विकलं जातं. १९२५ ची ‘द ग्रेट गॅट्सबी’ घ्या. निळ्या अंधारात तरंगणारे दोन डोळे आणि ओठ, फ्रान्सिस कुगाट यांचं चित्र. कादंबरी पूर्ण व्हायच्या आधीच ते तयार होतं, आणि लेखक फिट्झजेराल्ड यांनी प्रकाशकाला कळवलं की हे चित्र मी कादंबरीत लिहून टाकलंय. १९३५ मध्ये पेंग्विननं उलटी वाट धरली. चित्रच नाही, फक्त रंगाचे पट्टे. कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा. आणि कोलकात्यात १९४० च्या दशकात सिग्नेट प्रेससाठी एक तरुण मुखपृष्ठं करत होता, त्याचं नाव सत्यजित राय. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रं काढता काढता त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला.

आता घरी येऊ. मराठीत याच काळात एक माणूस होता, ज्याचं काम तुम्ही नक्की पाहिलंय, नाव कदाचित ऐकलं नसेल. दीनानाथ दलाल. जन्म १९१६, गोव्यातलं मडगाव. कारकीर्द सगळी मुंबईत. स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंकही सुरू केला. म्हणजे चित्रकार स्वतःच संपादक आणि मालक. चित्रकाराला लेखकाच्या मागे मागे फिरावं लागणाऱ्या धंद्यात ही छोटी गोष्ट नव्हती.

दलालांनी किती मुखपृष्ठं केली याचा आकडा मी मुद्दाम सांगत नाही; जो तो वेगळा सांगतो. पण नमुना म्हणून ‘मृत्युंजय’ घ्या. शिवाजी सावंतांची कादंबरी, कॉन्टिनेन्टल प्रकाशन, १९६७. मुखपृष्ठ दलालांचं. किंवा बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’मधली चित्रं, तीही दलालांची. जव्हारजवळ शिरपामाळ आहे. सुरतेच्या स्वारीला जाताना महाराज तिथे थांबले होते असं आमच्याकडे सांगतात. शाळेची सहल तिथे जायची तेव्हा आम्हा पोरांच्या डोळ्यांपुढे जे महाराज उभे राहायचे, ते कुठून आले होते? कुणी पुस्तकात पाहिलेले, कुणी कॅलेंडरवर. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गिरगावातल्या टेबलांवर बसलेल्या चार-पाच माणसांनी आमच्या डोक्यातला इतिहास रंगवून ठेवला होता.

दलाल एका शैलीत अडकले नाहीत, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. ऐतिहासिक कादंबरीला ते भरजरी रंग वापरायचे, विनोदी पुस्तकाला चार रेघांत भागवायचे, आणि नवकथेचं पुस्तक आलं तर सपाट आकारांवर यायचे. एकाच माणसानं केलंय हे खालची ‘दलाल’ ही सही बघितल्याशिवाय कळत नाही. ती सही लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

आता थोडं तांत्रिक. मी इंजिनिअर आहे, मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या काळी छपाई लेटरप्रेसची. मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवायचा आणि चित्रासाठी जस्ताचा ‘ब्लॉक’ करायचा. ब्लॉक म्हणजे उंचवटा; जो भाग वर तो शाई घेणार, जो खाली तो कोरा. रेघेचं चित्र असेल तर लाइन ब्लॉक, तो स्वस्त. फोटोसारख्या हलक्या-गडद छटा हव्या असतील तर चित्र जाळीतून ठिपक्यांत फोडायचं. तो हाफटोन ब्लॉक, महाग, शिवाय त्याला गुळगुळीत आर्ट पेपर लागतो. आणि प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक, वेगळा छाप. तीन रंग म्हणजे तोच कागद तीन वेळा मशीनमधून जाणार, आणि तिन्ही वेळा केसाइतकाही सरकता कामा नये. जुन्या जॅकेटवर बाईच्या ओठांचा लाल रंग ओठांच्या जरा बाजूला दिसतो ना, तो सरकलेला छाप.

म्हणजे चित्रकाराला कोरा कॅनव्हास नव्हता, बजेट होतं. प्रकाशक सांगणार, दोन रंगांत बसवा. मग हुशार माणूस काय करणार? निळ्यावर पिवळा चढवून तिसरा हिरवा फुकटात काढणार. आणि कागदाचा पांढरा हा चौथा रंग धरणार, कारण त्याला शाईच लागत नाही. मी जेव्हा कमी मेमरीच्या फोनसाठी ॲप हलकं करत बसतो, तेव्हा या लोकांची फार आठवण येते.

अक्षरांची गोष्ट आणखी मजेची. शीर्षकासाठी देवनागरीचे मोठे, वळणदार खिळे फारसे मिळायचेच नाहीत. मग पुस्तकाचं नाव चित्रकार हातानं काढायचा. त्यामुळे प्रत्येक पुस्तकाला स्वतःचं अक्षर मिळालं. शिरोरेषा तुटलेली, शिरोरेषा गायब, वेलांटी लांब जाऊन चित्रात मिसळलेली. या हातांच्या परंपरेतला पुढचा मोठा माणूस म्हणजे कमल शेडगे. नाटकांच्या जाहिराती आणि अंकांची शीर्षकं त्यांनी गाजवली. आणि र. कृ. जोशी. तुम्ही विंडोजवर कधी मराठी टाइप केलं असेल तर ‘मंगल’ फॉन्ट पाहिलाय. तो र. कृ. जोशींनी केलेला. जाहिरात क्षेत्रात अक्षरं काढणारा हात शेवटी आपल्या कॉम्प्युटरमध्ये येऊन बसला.

दलालांच्या बरोबरीनं दुसरं नाव रघुवीर मुळगावकर. जन्म १९१८, तेही गोव्याचेच. दलालांची रेघ, तर मुळगावकरांची मऊ छटा. स्प्रेनं रंग उडवून गाल, दागिने, ढग असे काढायचे की कागदावर हात फिरवावासा वाटेल. देवादिकांची कॅलेंडरं त्यांची घरोघरी होती, आणि दुसऱ्या बाजूला बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांचीच. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एवढ्या ढिगात नवं पुस्तक कोणतं आणि वाचून झालेलं कोणतं, हे वाचकाला कव्हरवरूनच कळणार. पेंग्विननं सगळ्या रहस्यकथा एकाच हिरव्या रंगात बसवल्या. आपल्याकडे ते चाललं नसतं. स्टॉलवर दोरीला लटकलेली पुस्तकं, समोरून गाडी सुटतेय, माणसाकडे एवढासा वेळ. पिस्तूल, घाबरलेली बाई, काळा मुखवटा, लांबून दिसलं पाहिजे.

इथे मला आमचा बोहाडा आठवतो. मोखाड्या-जव्हारकडच्या मंडळींना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: रात्रभर चालणारा मुखवट्यांचा उत्सव. पूर्वी मशालींच्या उजेडात सोंगं नाचायची. मैदानाच्या पार टोकाला बसलेल्या म्हातारीला सोंग येताक्षणी कळायचं, हा नरसिंह, हा रावण. म्हणून मुखवट्याचे डोळे मोठे, रंग भडक, दात बाहेर. नाजूकपणा तिथे वाया जातो. कुणी मुळगावकरांच्या रहस्यकथांच्या कव्हरांना भडक म्हणून नाक मुरडलं की मी बोहाडा दाखवतो. लांबून आणि कमी उजेडात ओळखू यायचं असेल तर चेहरा तसाच करावा लागतो. तुमच्या फोनवर ऑडिओबुकचा अंगठ्याच्या नखाएवढा चौकोन दिसतो, त्यालाही हाच नियम लागू आहे.

बाकी मंडळी पटकन सांगतो, म्हणजे ती लहान आहेत असं नाही. मौज आणि पॉप्युलर या दोन प्रकाशनांभोवती वेगळी, शांत शैली तयार झाली. द. ग. गोडसे, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे. गोडसे तर नेपथ्यकार आणि कलेवर लिहिणारे लेखकही. पद्मा सहस्रबुद्धे यांच्याबद्दल एक स्वतंत्र भाग करायचा आहे, कारण हे नाव लोक विसरतात. आणि एक माणूस माझा लाडका: वसंत सरवटे. पु. लं.च्या ‘बटाट्याची चाळ’मधली माणसं आपल्याला दिसतात ती सरवट्यांच्या रेघेत. ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्यांनी वर्षानुवर्षं केली. पण दिवसा? दिवसा ते एसीसी या सिमेंट कंपनीत सिव्हिल इंजिनिअर होते! नोकरी करून उरलेल्या वेळात छंद म्हणून काहीतरी करणाऱ्या सगळ्या इंजिनिअरांनी या माणसाचा फोटो लॅपटॉपवर लावावा. मी लावलाय.

आता त्या दुसऱ्या ‘काढलं’कडे.

कोविडनंतर मी बराच काळ गावाकडून काम करतो. इकडच्या एका वाचनालयात रविवारी बसतो आणि जुन्या पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये करून देतोय. कार्डावर लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल, पानं, किंमत एवढेच रकाने होते. मी एक वाढवला: मुखपृष्ठ. आणि तिथेच अडलो. कारण कपाटातली बहुतेक जुनी पुस्तकं लाल किंवा हिरव्या रेक्झिनमध्ये पुन्हा बांधलेली, पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक. जॅकेट नाही. यात कुणाचा गुन्हा नाही हो. वाचनालयात पुस्तक पन्नास हातांत फिरतं, जॅकेट पहिल्या वर्षात फाटतं, बाइंडर ते काढून टाकतो आणि पुस्तक आणखी वीस वर्षं टिकतं. महाराष्ट्रातल्या वाचनालयांत हेच झालं, आणि मराठी पुस्तकं सगळ्यात जास्त तिथेच होती. म्हणजे ज्यांनी पुस्तकं जपली त्यांच्याच हातून चित्रं गेली.

पण आत, पहिल्या दोन पानांत, बारीक अक्षरांत एक ओळ उरलेली असते. ‘मुखपृष्ठ’, आणि पुढे नाव. चित्र गेलं, नाव राहिलं. माझ्या रकान्यात दलाल भरले, गोडसे भरले, मुळगावकर भरले. त्यांची चित्रं मी त्या कपाटात पाहिली नाहीत, पण उद्या कुणी संग्राहकाकडे, रद्दीत किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर तेच पुस्तक जॅकेटसकट सापडलं, तर जोडी जुळवता येईल.

मग मी अलीकडच्या कपाटाकडे गेलो, ज्यात आदिवासींवरची पुस्तकं ठेवली आहेत. तिथे प्रकार नेमका उलटा निघाला.

आधी थोडी पार्श्वभूमी. वारली चित्र म्हणजे मुळात भिंत. लग्नात घरातल्या, पाड्यातल्या सवाशिणी तांदळाच्या पिठानं गेरूच्या भिंतीवर चौक लिहितात. हो, ‘लिहितात’ म्हणतात. चौकात पालघट देवी. लग्न झालं, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं. कागदावर हे आलं १९७० च्या दशकात. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणूकडे आले, त्याआधी बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना त्यांनी कागद दिले होते. गंजाडला त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०११ ची पद्मश्री, जगभरची प्रदर्शनं. बायकांच्या चित्राला नाव मिळालं ते एका पुरुषाचं, हेही तिथेच नोंदवून ठेवू. म्हसे थोरच होते, त्यात वाद नाही.

साल बघा. १९७० मध्ये मौजेनं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ काढलं, आपल्याच भागातल्या वारल्यांच्या लढ्याचं पुस्तक, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जानेवारी १९७१ मध्ये दलाल गेले. आणि त्यानंतरच्या काही वर्षांतच वारली चित्र कागदावर उतरलं. म्हणजे दलालांच्या पिढीपर्यंत आदिवासी माणूस कव्हरवर आला तर तो शहरातल्या चित्रकाराच्या हातून यायचा. पुढच्या पिढीत आमची भिंतच कव्हरवर आली.

का आली, याचं एक कारण मला छपाईत दिसतं. वारली चित्र दोन रंगांचं, पण शाई एकच लागते. तपकिरी रंगाचा एक सपाट ब्लॉक करा, माणसं कोरी सोडा, कागदाचा पांढरा आपोआप तांदळाचं पीठ होतो. एका छापात पूर्ण मुखपृष्ठ! जाळी नको, आर्ट पेपर नको. प्रकाशकाला याहून स्वस्त आणि देखणं काय मिळणार? मग कवितासंग्रह असो, पर्यावरणाचा अहवाल असो, पंचायतीची पुस्तिका असो, तारप्याभोवतीचा नाच हजर.

त्या कपाटातली अशी पुस्तकं मी एकेक उघडली. मुखपृष्ठ शाबूत, चित्र स्पष्ट. आत नाव? काहींत मांडणी करणाऱ्या शहरातल्या माणसाचं नाव. काहींत नुसतं ‘वारली चित्रशैली’. काहींत काहीच नाही. चित्र राहिलं, नाव नाही. दलालांच्या रकान्याच्या बरोबर उलट.

घरी येऊन आत्याला फोनवर त्यातली चार-पाच कव्हरं दाखवली. तिनं आयुष्यात किती लग्नांचे चौक लिहिलेत याची तिलाही मोजदाद नाही. ती बोटानं मोठं करून बघत राहिली. मग म्हणाली, “नाच हाय, तारपा हाय. चौक कुठं गेला?” मी म्हटलं, आत्या, लोकांना नाच आवडतो. ती म्हणाली, “आवडू दे की. पण देवी नाही तर लगीन कुणाचं?” आणि एका कव्हरवर थांबून म्हणाली, हा हात आपल्याकडचा, हा दुसरा नुसता बघून काढलेला. कसं कळलं विचारलं तर म्हणे, दोन त्रिकोण जुळतात तिथं बघ, कंबर. आपल्या बाया एका दमात काढतात, इथं थांबून थांबून काढलीय. मी झूम करून बघितलं. खरंच, रेघेत गाठी होत्या.

म्हणजे सही होतीच. दलालांची खाली कोपऱ्यात होती, ही कंबरेत होती. आपल्याला वाचता येत नव्हती इतकंच. वारली चित्राला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानं शैलीचा हक्क सुरक्षित झाला. पण मानांकन भागाला मिळतं, बाईला नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर एका ओळीची जागा कायम रिकामी असते, तिथे नाव छापायला एक पैसा जास्त लागत नाही. १९५० च्या दशकात शिशाचे खिळे हातानं जुळवणारे लोक ती ओळ न चुकता घालायचे.

आता माझ्या एक्सेलमध्ये मुखपृष्ठाचे दोन रकाने आहेत. एक ‘छापलेलं नाव’, दुसरा ‘हात कुठला’. दुसरा रकाना मी भरत नाही. रविवारी दुपारी आत्या वाचनालयात येते, चष्मा लावते, कव्हरं बघते आणि सांगते. मी टाइप करतो. आत्तापर्यंत तिनं एका पुस्तकावर मोखाड्याकडचा एक पाडा नेमका सांगितलाय, आणि त्या पाड्यावर तिची चुलत बहीण राहते. पुढच्या रविवारी आम्ही ते पुस्तक घेऊन तिकडे जातोय. रेकॉर्डर बरोबर आहे.